मुदतवाढ मिळते, हिशेब मिळत नाही

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांपैकी २३३ अद्ययावत जीवरक्षक यंत्रणेच्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर आणि पुण्यात नियंत्रण कक्ष. बीव्हीजी इंडिया या कंपनीशी झालेला करार पाच वर्षांचा होता. तो २०१९ च्या सुरुवातीला संपणार, हे सही झाली त्याच दिवशी ठरले होते. तरीही मुदत सरल्यावर मुदतवाढ, ती सरल्यावर आणखी एक, असे करत जुन्याच करारावर सेवा कित्येक वर्षे ओढली गेली. मधल्या कोरोनाकाळात ठेकेदार बदलणे कुणालाच परवडले नसते, हे मान्य. पण बाकीच्या काळाचे काय? तेव्हाही एकच कारण पुढे केले जाई: सेवा खंडित होता कामा नये.

कारण बिनतोड आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. रुग्णवाहिका एक रात्रही बंद ठेवता येत नाही. म्हणजे निविदा लांबली तर मुदतवाढ मिळणारच, हे ठेकेदारालाही माहीत असते आणि मंत्रालयालाही. मग निविदेची घाई करायची कुणी? नव्या गाड्या घ्यायच्या कुणी? करार आणखी काही महिनेच चालणार असेल, तर जुन्या गाडीचे इंजिन उघडायचे की नुसते तेल बदलून दामटायची, याचे उत्तर कुठलाही व्यवहारी माणूस देईल. गाडीवरचा चालक आणि डॉक्टरही तेवढ्याच मुदतीच्या भरवशावर असतात. त्यांची पगारवाढ ‘नवा करार झाल्यावर बघू’ या वाक्यावर अडकते.

याची झळ सगळीकडे सारखी लागत नाही. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे अहमदनगर, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे: १७ हजार चौरस किलोमीटरवर, १४ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोक. तेव्हाच्या राज्याच्या लोकसंख्येला ९३७ ने भागले, तर साधारण १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी येते. या हिशेबाने नगरच्या वाट्याला ३८ गाड्या येतील आणि एकेका गाडीला सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर सांभाळावे लागतील. याच हिशेबाने मुंबईत एका गाडीमागे जेमतेम सहा चौरस किलोमीटर येतात. प्रत्यक्षातले वाटप थोडेफार वेगळे असेल. पण माणसे मोजून गाड्या वाटल्या की अंतर मोजायचे राहून जाते, एवढे यातून कळते.

अंतर म्हणजे काय, ते जामखेडकरांना विचारावे. अपघातातल्या जखमीला तालुक्याच्या ठिकाणी नेले, तिथे सलाइन लावले आणि ‘नगरला हलवा’ असे सांगितले, की गाडी सुमारे ७५ किलोमीटर जाणार, सिव्हिलच्या दारात स्ट्रेचर रिकामे होईपर्यंत थांबणार आणि तितकेच अंतर तोडून परत येणार. तीन-चार तास गेलेच. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाच्या छातीत दुखू लागले, तर शेजारच्या तालुक्यातून गाडी येणार, तीही मोकळी असेल तर. कागदावर मात्र जामखेडला गाडी ‘कार्यरत’ असते. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आणखी वेगळी कथा. पावसाळ्यात वाडीवर रेंज नसते, गाडी डांबरी सडक संपेल तिथवर येते आणि पुढचा रस्ता माणसांच्या खांद्यांवर असतो.

शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोचावी, ही १०८ ची अपेक्षा. सरासरी काढली, तर ती कदाचित गाठलीही जाईल. नगर शहर, शिर्डी, संगमनेर इथले फोन बरेच असणार आणि तिथे गाडी पटकन पोचणार. त्या बेरजेत अकोले, पाथर्डी, जामखेडचा उशीर विरघळून जातो. करारातली कामगिरी सरासरीवर मोजली, की ठेकेदार अटी पाळूनही सर्वांत दूरच्या माणसाला वाऱ्यावर सोडू शकतो.

सेवा थांबेल ही भीती कितपत खरी? १०८ चा प्रयोग २००५ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झाला, तो सत्यम कंपनीच्या रामलिंग राजूंच्या पुढाकाराने. २००९ च्या जानेवारीत राजूंनी स्वतःच हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि सत्यम कोसळली. रुग्णवाहिका चालवणाऱ्या संस्थेचा आधारस्तंभच गेला, तेही पूर्वसूचना न देता. तरीही ती सेवा टिकली. राज्य सरकारांचा पैसा येत राहिला, पुढे जीव्हीके समूहाने ती संस्था सांभाळली. अचानक आलेल्या संकटात धनी बदलता येतो, तर पाच वर्षे आधी माहीत असलेल्या तारखेला का नाही?

महाराष्ट्राने यावर शोधलेला उपाय दुसऱ्या टोकाचा निघाला. २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार, १,७५६ रुग्णवाहिका आणि कामात सुमित फॅसिलिटीज, स्पेनची एसएसजी व पुन्हा बीव्हीजी. निविदेवरून आरोप झाले, प्रकरण न्यायालयातही गेले. गाड्या वाढणार हे चांगलेच. पण काही महिन्यांच्या मुदतवाढीत ठेकेदार गुंतवणूक करत नाही आणि दहा वर्षांच्या करारात त्याला जाब विचारायला कुणी उरत नाही. मधल्या काळात सरकारे बदलतात, सचिव बदलतात. करार तेवढा राहतो.

म्हणून प्रश्न मुदत किती हा नाही. मुदतीच्या आत हिशेब कुणापुढे आणि किती वेळा मांडायचा, हा आहे. आज १०८ चा करार मुंबईत होतो, फोन पुण्यात घेतला जातो आणि ज्या जिल्ह्यात माणूस रस्त्यावर पडलेला असतो, तिथल्या जिल्हा परिषदेला त्या करारात आवाज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या गरोदर माता व बालकांसाठीच्या १०२ च्या गाड्या वेगळ्या, त्यांचा हिशेब वेगळा. एकाच रस्त्यावरून धावणाऱ्या या दोन सेवांचा ताळमेळ कुणीतरी जिल्ह्यातच बसून घालायला हवा.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. दर तीन महिन्यांनी तालुकावार आकडे जिल्हा परिषदेच्या सभेत मांडावेत: फोन किती आले, दहापैकी नऊ रुग्णांपर्यंत गाडी किती मिनिटांत पोचली, रुग्ण हलवण्यात ती किती तास तालुक्याबाहेर होती. बिलातली कपात सरासरीवर न ठरवता सर्वांत मागे पडलेल्या तालुक्यावर ठरवावी. फोनच्या नोंदी सरकारच्या मालकीच्या असाव्यात, म्हणजे ठेकेदार बदलला तरी अनुभव वाया जाणार नाही. आणि करार संपण्याच्या दीड वर्ष आधी निविदा निघावी; तरीही मुदतवाढ द्यावी लागली, तर ती एकदाच, कारण जाहीर करून आणि ज्या अधिकाऱ्यामुळे विलंब झाला त्याच्या पदनामासह.

यातले शेवटचे कलम मंत्रालयाला सर्वांत जड जाईल. ठेकेदाराला दंड करता येतो. फाइल अडवणाऱ्याला दंड झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. पण मुदतवाढीची सवय मोडायची तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.