कट लागला होता का?

टर्फ तासावर भाड्याने घेऊन क्रिकेट खेळणाऱ्या मित्रांच्या लीगमध्ये सगळं असतं. पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट असतात, ग्रुपवर पॉइंट्स टेबल पडतं, स्कोअर ठेवायला ॲप असतं, हरलेल्या टीमने मिसळ खाऊ घालायची असा नियमही असतो. अंपायर तेवढा नसतो. म्हणजे बॅटिंग करणाऱ्या टीममधला एक जण बोलरच्या शेजारी उभा असतो, पण त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये आणि अर्धं आपला नंबर कधी येतोय याच्याकडे. कीपरने झेल घेऊन आरडाओरडा केला की तोही बॅट्समनच्याच तोंडाकडे बघतो. मग कुणीतरी विचारतं, "खरं सांग, कट लागला होता का?"

या प्रश्नातला विचित्रपणा सवयीमुळे आपल्या लक्षात येत नाही. ज्याचं नुकसान होणार आहे, त्यालाच आपण निकाल विचारतोय. कोर्टात असं चालत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २० मध्येच म्हटलंय की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. आयपीएलमध्येही बॅट्समनला कुणी विचारत बसत नाही, स्क्रीनवरची रेघ हलली की नाही ते बघतात. टर्फवर मात्र माणसाच्या शब्दावर काम चालतं, आणि नवल म्हणजे बहुतेक वेळा ते चालून जातं.

क्रिकेटच्या लेखी कायद्यानेही यासाठी थोडी जागा ठेवली आहे. कायदा क्रमांक ३१ सांगतो की कुणी अपील केल्याशिवाय अंपायर आउट देणार नाही, पण अपील झालं नाही तरी आउट असलेल्या बॅट्समनला स्वतःहून निघून जायला मनाई नाही. २००३च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये ॲडम गिलख्रिस्ट अंपायरने नॉट आउट दिल्यावरही पॅव्हेलियनकडे चालू लागला होता. त्याआधी १९८० साली वानखेडेवर गुंडाप्पा विश्वनाथने याच्या उलट केलं होतं. अंपायरने आउट दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला कॅप्टन म्हणून त्याने परत बोलावलं. टेलर आणि बोथमने सहाव्या विकेटसाठी १७१ रन्सची भागीदारी केली आणि ती टेस्ट आपण दहा विकेट्सने हरलो. हे किस्से नेहमी थोर माणसांच्या गोष्टींसारखे सांगितले जातात, आणि मला त्याचा थोडा कंटाळाच येतो. कारण त्यामुळे असं वाटायला लागतं की खरं बोलणं ही असामान्य माणसांची, हजारो लोकांसमोर करायची गोष्ट आहे. टर्फवर आयटीवाला, मेडिकलवाला, एमपीएससीची तिसरी अटेम्प्ट देणारा, असे साधे लोक तेच करतात. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नसतं. फार तर पुढच्या स्लॉटवाले बाहेर उभे राहून घड्याळ बघत असतात.

मित्रांनी मिळून जागेला पुरेल एवढा खेळ बनवायचा, हा प्रकार काही आपल्याच गल्लीतला नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या फेअरफिल्ड गावी १९५३ साली डेव्हिड मुलानी नावाच्या माणसाने आपल्या बारा वर्षांच्या मुलासाठी एक हलका प्लास्टिकचा चेंडू बनवला. पोरं घरामागच्या अंगणात गोल्फचा भोकं पाडलेला प्लास्टिक बॉल आणि झाडूच्या दांड्याची बॅट घेऊन खेळायची, आणि चेंडू वळवायच्या नादात त्या मुलाचा हात भरून यायचा. वडिलांनी चेंडूच्या अर्ध्या भागाला आठ लांबट भोकं पाडली, तर तो हवेत आपोआप वळायला लागला. बॅट फिरवून बॉल हुकला की तिथली मुलं त्याला 'व्हिफ' म्हणायची, त्यावरून नाव पडलं विफल बॉल. मराठीत लिहिलं की अर्थही जवळपास तोच होतो, हा निव्वळ योगायोग.

या खेळात दोन माणसंही पुरतात. धावायची गरज नाही. बॉल कुठल्या खुणेच्या पुढे गेला त्यावर किती बेस ते ठरतं, जसं आपल्याकडे समोरच्या भिंतीला डायरेक्ट लागला तर चार आणि टप्पा पडून लागला तर दोन. आजही तिथे मित्रमंडळी याच्या हौशी लीग चालवतात. बऱ्याच ठिकाणी बॅटरच्या मागे एक फळी किंवा खुर्ची ठेवलेली असते. त्याने बॅट न फिरवता बॉल फळीला लागला तर स्ट्राइक, वाद संपला. अंपायरचं काम लाकडाकडे दिलं. आपणही हे केलेलंच आहे. भिंतीवर कोळशाने स्टंप काढायचे आणि भांडण नको म्हणून बॉल ओला करून घ्यायचा, म्हणजे डाग कुठे पडला ते दिसेल.

पण डाग स्टंपचं सांगतो, कटचं सांगत नाही. कट बॅट्समनच्या हातालाच कळतो, आणि तिथे फळी, खुर्ची, ओला बॉल यांपैकी काही कामाला येत नाही.

अर्थात कधी कधी त्यालाही कळत नाही. आवाज येतो, पण बॅट जमिनीला लागली की बॉलला, हे त्याला खरंच सांगता येत नाही. अशा वेळी आमच्याकडे तो बॉल मोजत नाहीत. परत टाक, विषय संपला. मला ही पद्धत फार आवडते. न्यायाच्या बाकी सगळ्या यंत्रणांना शेवटी काही ना काही निकाल द्यावाच लागतो. मित्रांच्या खेळाला मात्र 'हे आपल्याला माहीत नाही' असं मान्य करून पुढे जाता येतं. हे जमण्यासाठी एकच अट आहे. 'मला माहीत नाही' असं म्हणणाऱ्याला खरंच माहीत नसलं पाहिजे.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचं मुलांच्या नैतिक समजुतीवरचं पुस्तक १९३२ साली आलं. त्यासाठी ते चक्क गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलत बसले होते. त्यांना दिसलं ते असं की लहान मुलांना नियम वरून आलेले, कुणी बदलू नयेत असे वाटतात. मोठी मुलं मात्र सगळ्यांची संमती असेल तर नियम बदलतात, आणि तरीही ते मनापासून पाळतात. टर्फवर आपण याच मोठ्या मुलांच्या जागी असतो. नेटला वर लागला तर आउट की नाही, वाइडला रन द्यायचा की नाही, हे दर सीझनला नव्याने ठरतं. नियम आपलेच असल्यामुळे तो मोडणारा फसवतो ते आपल्याला, कुठल्या बोर्डाला नाही.

डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ साली खेळावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी खोटं खेळणारा आणि खेळ उधळून लावणारा यांच्यात फरक केला आहे. खोटं खेळणारा निदान खेळाला मानल्याचं सोंग तरी करतो. उधळणारा खेळच नाकारतो. मराठीत आपण दोघांनाही 'रडी'च्या एकाच पोत्यात टाकतो. माझ्या मते मित्रांच्या लीगमध्ये एक तिसरा असतो, आणि त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. तो म्हणतो, "जाऊ दे रे, टाइमपास तर आहे." समोरचा उघड खोटं बोलतोय हे दिसत असतानाही तो सोडून देतो, आणि वर स्वतःला मोठ्या मनाचा समजतो. त्याच्याबद्दल माझं मत वाईट आहे. काही पणालाच लागलेलं नसेल तर खरं बोलण्यालाही किंमत राहत नाही. कट लागल्यावर बॅट काखेत मारून निघालेल्या माणसाने चार-सहा बॉलची बॅटिंग सोडलेली असते, पूर्ण आठवडा वाट पाहून मिळालेली. त्याच्या खरेपणाला वजन येतं ते या सोडण्यामुळेच. 'टाइमपास तर आहे' म्हणणारा ते वजनच काढून घेतो.

यावर कुणी म्हणेल की मैत्री खेळापेक्षा मोठी. मान्य. एका रनआउटवरून दोन ग्रुप झालेले आणि वर्षभर एकमेकांच्या लग्नांनाही न गेलेले लोक मी पाहिले आहेत. पण सूट देणं आणि सोडून देणं यात फरक आहे, आणि तो फरक आपल्याला लहानपणी नीट कळत होता. त्यासाठी आपल्याकडे शब्दही होता: कच्चा लिंबू.

कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागून खेळायला यायचा. त्याला नाही म्हणता यायचं नाही, कारण त्याच्या आईने बजावलेलं असायचं. मग जाहीर व्हायचं, हा कच्चा लिंबू. फील्डिंग पूर्ण करायची, बॅटिंग मिळेल, आउट झाला तरी आउट नाही. दया होती, पण सगळ्यांच्या देखत, मोठ्याने सांगून, आणि त्याच्या स्वतःच्या कानावर घालून केलेली. पोराला त्याचा राग यायचा. आपण पक्के कधी होणार याची तो वाट बघायचा. आणि ज्या दिवशी त्याचा पहिला खरा आउट मोजला जायचा, त्या दिवशी तो रडत घरी जायचा ते थोडासा ताठ होऊन.

मोठेपणी आपण कच्चा लिंबू करणं थांबवत नाही. फक्त सांगायचं थांबवतो.

आमच्यातल्या एकाच्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालं. वर्षभराने तो परत खेळायला आला. कुणी कुणाशी काही बोललं नाही, पण त्याला बॉल हळू पडायला लागले. दुसऱ्या रविवारी त्याने एकतीस नॉट आउट केले, ॲपने हिरव्या अक्षरांत अभिनंदन केलं. तिसऱ्या रविवारी आमच्यातल्या सगळ्यात भरवशाच्या फील्डरच्या हातात सरळ झेल गेला आणि त्याने तो सोडला. जरा जास्तच नाटकीपणे सोडला. बॅटिंग करणारा क्रीजवरच थांबला. म्हणाला, "मला कच्चा लिंबू करायचं असेल तर तोंडावर सांगा." बॅट ठेवली आणि बूट काढायला लागला.

मिसळ खाताना दोन पक्ष पडले. एक म्हणत होता, अरे प्रेमापोटी केलं ना? डॉक्टरने त्याला जपायला सांगितलंय, बॉल गुडघ्यावर लागला असता तर? दुसऱ्याचं म्हणणं, तुम्ही तोंडाने नाही, हाताने खोटं बोललात, एवढाच फरक.

मला वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. हळू बॉल टाकणं गुडघ्यासाठी होतं. ते त्याला विचारता आलं असतं, आणि विचारलं असतं तर तो 'चालेल' म्हणालाही असता. सोडलेला झेल गुडघ्यासाठी नव्हता. वर्षभर पलंग, वॉकर, फिजिओ करून तो एकच गोष्ट तपासायला टर्फवर आला होता: आपल्याला अजून येतं का? त्या झेलाने त्याला या प्रश्नाचं खोटं उत्तर मिळालं असतं. 'कट लागला नाही' असं खोटं बोलणारा स्वतःसाठी बोलतो, झेल सोडणारा दुसऱ्यासाठी, पण दोघंही खेळाकडून मिळणारं उत्तर बिघडवतात. शिवाय पहिल्याला निदान पकडता येतं. दुसरा पकडला गेला तरी आपण त्याला चांगला माणूस म्हणतो.

आता कुणी विचारेल, मग सगळंच तोंडावर सांगायचं का? हल्ली सोसायट्यांच्या लीगमध्ये आयपीएलसारखं ऑक्शन असतं. प्रत्येक कॅप्टनला पॉइंट्स मिळतात, मित्रच मित्रांवर बोली लावतात, आणि शेवटी एक-दोघं अनसोल्ड राहतात. मग त्यांना कुठल्या तरी टीममध्ये फुकट ढकलतात. सगळं उघड, सगळ्यांसमोर. मला ते बघवत नाही. कच्चा लिंबू म्हणताना आपण त्या पोराला खेळात कसं घ्यायचं ते सांगत होतो. ऑक्शनमध्ये माणसाची किंमत सांगितली जाते, आणि ती कुणी विचारलेली नसते. चिठ्ठ्या टाकून टीम पाडल्या तर कुणी खोटं बोलत नाही आणि कुणाला आकडाही लागत नाही. त्यात मजा नाही म्हणतात. असेल.

आमच्या मित्राने नंतर स्वतःच अटी घातल्या. पावसाळ्यापर्यंत त्याला बॉल हळू, रनर मिळणार, आउट म्हणजे आउट. सगळ्यांनी मान्य केलं, ग्रुपवर पिन करून ठेवलं. तेव्हापासून त्याने कधी दहाच्या वर रन केलेले नाहीत. दोनदा कीपरने कॅच घेतला, आणि दोन्ही वेळा कुणी विचारायच्या आत तोच निघाला. पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले, मुदत संपली. एक बोलर मात्र अजूनही त्याला हळूच टाकतो. विचारलं तर म्हणतो, माझा स्पीडच आता एवढा राहिलाय. त्याच्यावर अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही.