बॉस कुणाला म्हणायचं?

मालकाला मालक म्हणायचं नव्हतं, म्हणून अमेरिकेतल्या कामगारांनी 'बॉस' हा शब्द जवळ केला. मूळ डच शब्द 'बास', म्हणजे धनीच. हडसन नदीच्या खोऱ्यात डचांची वसाहत होती. १६६४ साली इंग्रजांनी न्यू अॅमस्टरडॅम घेतलं, त्याचं न्यूयॉर्क झालं, पण डचांचे बरेच शब्द मागे राहिले. तिथल्या गोऱ्या मजुरांना आणि घरगड्यांना 'मास्टर' म्हणायची लाज वाटे. तो शब्द गुलामांच्या तोंडचा! आम्ही स्वतंत्र देशाचे नागरिक. मजुरी घेतो म्हणून काय झालं?

जेम्स फेनिमोर कूपर या कादंबरीकाराला हे ढोंग वाटलं. 'द अमेरिकन डेमोक्रॅट' या १८३८ सालच्या पुस्तकात त्याने चिडून लिहिलं, की लोक 'मास्टर' टाळतात आणि त्याच अर्थाचा डच शब्द वापरतात. कूपर बड्या जमीनदाराचा मुलगा, तेव्हा हा राग त्याला सोयीचाच होता. मला मजुरांची बाजू पटते. गुलामाला काम सोडून जाता येत नव्हतं, यांना येत होतं. नातं निराळं, तर त्याला नावही निराळं हवं, यात ढोंग कसलं?

पण तोच शब्द दक्षिण आफ्रिकेत पाहा. १६५२ साली डच केपला उतरले, त्यांच्याबरोबर 'बास'ही उतरला. तिथे काळ्या मजुराने गोऱ्याला 'बास' म्हणायचं, हा रिवाजच पडला. १९५४ ते १९५८ या काळात पंतप्रधान असलेले स्ट्रेडम तर 'बासस्काप' हा शब्द उघडपणे वापरत. बासस्काप म्हणजे गोऱ्यांची धनीशाही. न्यूयॉर्कच्या मजुराने ज्या शब्दाच्या आडोशाला मान ताठ ठेवली, तोच शब्द इथे मान वाकवायला लावत होता. फरक होता तो 'नाही' म्हणायच्या मुभेचा. अर्थात अमेरिकेतही बॉस फार दिवस साधा राहिला नाही. न्यूयॉर्कचं राजकारण मुठीत ठेवणारा 'बॉस' ट्वीड १८७८ साली तुरुंगात मेला.

मुंबईत या शब्दाची धार पार बोथट झाली आहे. 'बॉस, सुट्टे द्या ना,' असं रिक्षावाला गिऱ्हाइकाला म्हणतो आणि 'बॉस, जरा डावीकडे घ्या,' असं गिऱ्हाईक रिक्षावाल्याला. इथे कुणीच कुणाचा धनी नाही. (भाजीवाल्याचा 'शेठ' मात्र अजून खिसा बघून येतो.)

ऑफिसांत आता उलटी तऱ्हा. तिथे 'बॉस' म्हटलेलं आवडत नाही. 'टीम लीड' म्हणा, नुसतं नावाने हाक मारा. हाक मारायला हरकत नाही. पण मुलाखतीत 'आमच्याकडे कुणी बॉस नाही' असं ऐकलंत, तर रजेच्या अर्जावर सही कुणाची लागते, एवढं विचारून घ्या.