उपास आणि उपासमार

दीक्षित डाएटचा नियम सोपा: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. आज रिलीज होतं, म्हणून पहिलं जेवण दुपारी तीनपर्यंत लांबलं. पोटात कावळे ओरडत होते, पण संयमाचा अभिमानही वाटत होता.

टीमचं पार्सल घ्यायला खाली गेलो. डिलिव्हरीवाल्याला विचारलं, "जेवलात का, दादा?"

"ऑर्डरी कमी झाल्या की जेवतो, सर."

भूक दोघांनाही होती. फक्त माझा डबा डेस्कवर होता. मराठीत उपास आणि उपासमार हे शब्द वेगळे आहेत. त्याची उपासमार नव्हती, पण उपासही नव्हता. कारण उपास स्वतः निवडावा लागतो. संयमाला आधी भरलेला डबा लागतो. मग या सद्गुणात माझा वाटा किती, पगाराचा किती?

डाएट चालूच ठेवणार. त्याला पुण्य मात्र म्हणणार नाही.