बोधकथेतील दुर्गुण कोणाचा?

मुलांच्या वाईट वृत्तींना आळा घालण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या कथांचे कथनरूप बहुधा ठरलेले असते. आळशी, गर्विष्ठ वा हट्टी पात्र उभे करायचे, त्याची फजिती करायची आणि शेवटी तात्पर्य सांगायचे. अशा कथांवर 'उपदेशपर' हा शिक्का मारून समीक्षा मोकळी होते. परंतु हा आक्षेप वाङ्मयीन झाला; त्याच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न तसाच राहतो. दुसऱ्याचा दोष आणि त्याला झालेली शिक्षा पाहून मूल नेमके काय शिकते?

रूसोने 'एमिल' (1762) या ग्रंथात ला फाँतेनच्या प्राणिकथांच्या संदर्भात हा प्रश्न उपस्थित केला होता. उन्हाळाभर गात राहिलेल्या टोळाकडून मुलाने धडा घ्यावा, अशी मोठ्यांची अपेक्षा असते. मूल मात्र त्याला विन्मुख परतवणाऱ्या मुंगीची बाजू घेते, कारण कमीपणाची भूमिका स्वतःकडे घेणे कोणालाच रुचत नाही. आळसाविरुद्ध रचलेली कथा अशा रीतीने निष्ठुरतेचा पाठ देऊन जाते.

मराठी घरांतील चिऊ-काऊच्या कथेलाही हे लागू पडते. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराच्या दाराशी भिजत उभा राहतो आणि चिमणी बाळाच्या न्हाऊमाखूची सबब सांगत त्याला ताटकळत ठेवते. कावळ्याचा अपराध कोणता, याचा उलगडा होत नाही. ऐकणारे मूल मात्र दाराच्या आत, उबेत असते.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्येही दोषांची वाण नाही. तेथे चोरी आहे, भित्रेपणा आहे, हट्ट आहे. परंतु प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना हे दोष स्वतःचे म्हणून सांगतो. निवेदक आणि अपराधी एकच असल्यामुळे श्रोत्याला मुंगीच्या दारात उभे राहून निवाडा करता येत नाही. 'मोठा होण्यासाठी चोरी' हे त्यातील एका प्रकरणाचे शीर्षकच सूचक आहे: चांगल्या आकांक्षेच्या पोटीही दुष्कृत्य जन्माला येते.

हे कथनरूपही निर्धोक नाही. आईच्या निवाड्यावर अपील नसते आणि अश्रूंच्या भरात अपराधभावनेलाच सद्गुण मानण्याचा मोह संभवतो. भावविवशतेचा जो आरोप या पुस्तकावर होतो, त्याचे नैतिक मर्म हेच आहे. तरीही स्वतःला दोषी मानणाऱ्या मुलाला सुधारण्याची वाट मोकळी असते. दुसऱ्याच्या फजितीवर हसायला शिकलेल्या मुलाला सुधारण्याची गरजच भासत नाही.

म्हणून बालकथेत बोध असावा की नसावा, हा वाद दुय्यम ठरतो. कथेने मुलाला दाराच्या कोणत्या बाजूस उभे केले आहे, हे समीक्षेने आधी पाहिले पाहिजे.