निम्मा रोज

भोसरीच्या एमआयडीसीत दत्ता सीएनसी मशीन चालवायचा. नऊ वर्षे एकाच ठेकेदाराच्या हजेरीपटावर होता. पगार 18,000 रुपये. घरभाडे, किराणा, गावी आईला पाठवायचे, आणि उरेल ते पोस्टात. थोरली मुलगी दहावीला होती. तिच्या डिप्लोमासाठी म्हणून 1,80,000 रुपयांची पुंजी जमली होती. टपरीवर उधारी नाही, कुणाचा रुपया अंगावर नाही. शॉपमधली पोरे अडली की सल्ल्याला त्याच्याकडेच यायची. दत्ताभाऊ करतील ते बरोबर, असे सगळे मानून चालत.

2023 च्या दिवाळीनंतर कंपनीने ठेकेदाराचा करार वाढवला नाही. पटावरची सगळी माणसे एका शनिवारी घरी बसली.

टपरीवर कुणीतरी सांगितले, की काम सुटलेल्या कामगाराला ईएसआयकडून, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यातून, निम्मा रोज मिळतो, 90 दिवसांपर्यंत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणतात तिला. सगळ्यांनी दत्ताकडे पाहिले.

"मला नको," दत्ता म्हणाला. "माझ्या पोस्टात पैसे आहेत, चूल पेटते आहे. ज्याच्या घरी खरेच काही नाही त्याने घ्यावे. मी रांगेत उभा राहिलो तर कुणा गरजवंताच्या तोंडचा घास काढल्यासारखे होईल."

तो मनापासूनच बोलला होता. घरी बायको सुमन म्हणाली, "अहो, पोस्टातले पैसे पोरीचे आहेत ना?" तेव्हाही त्याने तेच सांगितले, की नवे काम लागले की भरून टाकू. महिनाअखेरीला त्याने 20,000 रुपये काढले.

डिसेंबर सरत आला तेव्हा लहू भेटला. अहमदपूरकडचा पोरगा, तीन वर्षे त्याच शॉपमध्ये हेल्पर, पगार 14,000. चेहरा उतरलेला. खोलीच्या भाड्यासाठी आणि गावी पाठवण्यासाठी त्याने शेकडा पाच दराने 15,000 रुपये उचलले होते.

"अरे, ईएसआयचा अर्ज का नाही केलास?"

"तुम्ही तरी कुठे केलात भाऊ? तुम्हीच म्हणालात, ज्याच्या घरी काही नाही त्याने घ्यावे. मग अर्ज करायचा म्हणजे सगळ्यांना सांगायचेच की, माझ्या घरी काही नाही. गावी माझ्या लग्नाचे बघताहेत. त्यापेक्षा व्याज परवडले. आपल्यातल्या कुणीच नाही केला अर्ज."

दत्ता तसाच आप्पांकडे गेला. आप्पा युनियनमधले जुने कार्यकर्ते, निवृत्त झाले तरी चाळीतल्या कामगारांचे कागद तेच वाचून देत. त्यांनी आधी पगाराची पावती मागितली आणि एका आकड्यावर बोट ठेवले.

"हे 135 रुपये कशाचे?"

"ईएसआयचे. दर महिन्याला कापतात."

"पाऊण टक्का तुझा. शिवाय मालकाच्या बाजूने सव्वातीन टक्के, म्हणजे 585. जुलै 2019 च्या आधी तर तुझाच वाटा पावणेदोन टक्के होता. कापताना कुणी विचारले का, दत्ता, घरात शिल्लक किती आहे? मग घेताना तू का विचारतोस? मोटारसायकलला धडक बसली तर विमा कंपनी म्हणते का, आधी खिशातले संपव, मग ये?"

"पण आप्पा, दवाखान्यासाठी कापतात ते."

"दवाखान्यासाठी, बाळंतपणासाठी, अपघातासाठी. 2018 पासून काम सुटले त्यासाठीही. अट काय आहे ते ऐक. विम्यात दोन वर्षे झालेली हवीत. काम जाण्याआधीच्या सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. गैरवर्तनामुळे काढलेले नको, स्वतःहून काम सोडलेले नको, निवृत्ती नको. काम सुटून 30 दिवस झाले की अर्ज करता येतो, तोही थेट शाखेत. ठेकेदाराच्या पाया पडायची गरज नाही. यात पोस्टातल्या पुस्तकाचा उल्लेख कुठे आहे?"

दत्ताने अडलेला प्रश्न विचारलाच. "मी घेतले तर लहूला कमी पडणार नाही?"

"लहूचा रोज लहूच्या पगारावर ठरतो. तू सोडलेस तर त्याला एक रुपयाही जास्त मिळणार नाही. पण तू सोडलेस आणि वर कारणही सांगितलेस, त्याने त्याचे नुकसान झाले." आप्पा थोडे पुढे सरकले. "1943 साली प्राध्यापक आदारकरांवर सरकारने कामगारांच्या आजारविम्याची योजना आखायचे काम सोपवले. पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला, आणि 1948 मध्ये कायदा झाला. कामगाराने भरायचे, मालकाने भरायचे, म्हणजे अडल्या दिवशी कामगाराला कुणापुढे हात पसरावा लागू नये. पैसेवाल्याने घ्यायचे नाही असे तुमच्या टपरीवर ठरले, की घेणाऱ्याच्या कपाळावर गरिबीचा शिक्का बसतो. तो शिक्का नको म्हणून गरीबच आधी मागे सरतो. तुझ्यासारख्याने घेतले, तर तोच पैसा सगळ्यांसाठी हक्काचा राहतो."

दुसऱ्या दिवशी दत्ता टपरीवर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मी ईएसआयचा अर्ज करायला चाललो आहे. पोस्टात पैसे आहेत, तरी चाललो आहे. आपण भरलेल्या विम्याचे पैसे आहेत हे. कोण कोण येते?"

लहू सगळ्यात आधी उठला. मागून आणखी पाच-सहा जण निघाले. नेटकॅफेत अर्ज भरले, आधार आणि पासबुकाच्या प्रती जोडल्या, शाखेत दिले. दत्ताचा सरासरी रोज सहाशेच्या जरा खाली निघाला, त्याचा निम्मा म्हणजे 295 रुपयांच्या आसपास. लहूचा निम्मा 230. पैसे थेट बँकेत आले. लहूने आधी व्याजाचे कर्ज कमी केले. दत्ताने पोस्टात हात घालणे थांबवले.

जानेवारी संपताना दत्ताला चाकणला काम लागले. बेकारीचे दोन महिने झाले होते, तिसरा बाकी होता. एक सोबती म्हणाला, "नवा ठेकेदार तुझे नाव पुढच्या महिन्यात चढवणार आहे. तोवर तिसऱ्या महिन्याचाही अर्ज टाकून दे, कोण बघतो? पोरीची फी भरायचीच आहे तुला."

"फी भरायची आहे हे खरे," दत्ता म्हणाला. "पण विमा काम नसण्याचा आहे. आता मला काम आहे. शिल्लक आहे म्हणून माझा हक्क गेला नव्हता, तसा गरज आहे म्हणून तो वाढतही नाही." त्याने तिसऱ्या महिन्याचा अर्ज केला नाही, आणि ठेकेदाराला पहिल्या दिवसापासून नाव चढवायला लावले. त्या पटावर नाव असले तरच पुढच्या अडचणीसाठी वर्गणी भरली जाते, हे त्याला आता ठाऊक होते.

तात्पर्य: विम्याचा हक्क वर्गणीने मिळतो, खिसा रिकामा असल्याने नाही. ज्याचे भागते त्याने तो मोठेपणाने सोडला, तर ज्याचे भागत नाही त्याला तो लाजेने सोडावा लागतो. म्हणून जितके आपले तितके सर्वांदेखत घ्यावे, आणि जे आपले नाही त्याला, कितीही गरज असली तरी, हात लावू नये.