पाणी कुठून आणलं?

पप्पांना व्हर्साय आवडलं नाही. तसं ते म्हणाले नाहीत. तिकिटाचे पैसे लेकीने भरलेले असताना असं बोलून दाखवणाऱ्यांतले ते नव्हेत. पण आरसेमहालात सगळी माणसं माना वर करून छताकडे बघत होती तेव्हा ते खिडकीतून खाली बागेकडे बघत उभे होते. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा : "एवढं पाणी कुठनं आणलं यांनी?"

मी गेली दोन वर्षं पॅरिसजवळ एका कंपनीत कोड लिहिते. मे महिन्यात आई, पप्पा आणि धाकटा भाऊ तीन आठवड्यांसाठी आले होते. मी रीतसर एक्सेल शीट केली होती : कुठला वाडा, कुठली बाग, कुठली ट्रेन, डबा न्यायचा की नाही. आईला बागा आवडतात. भावाला फोटो आवडतात. पप्पांना काय आवडतं ते मला अठ्ठावीस वर्षांत नीट कळलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या नावाचा कॉलम रिकामाच होता.

पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, कारण व्हर्सायमध्ये इंजिनिअरला रस वाटावा अशी गोष्ट तीच आहे. चौदाव्या लुईने कारंजी उभी केली ती पाणी नसलेल्या जागी. मग सेन नदीवर मार्लीला चौदा प्रचंड चाकं बसवली, दोनशेहून अधिक पंप जोडले आणि नदीचं पाणी दीडशे मीटरहून उंच चढवलं. १६८४ साली हे यंत्र सुरू झालं. तरीही सगळी कारंजी एका वेळी चालवण्याइतकं पाणी पुरेना. राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्टी वाजवून एकमेकांना इशारा द्यायचे. राजा जवळ आला की तेवढं कारंजं सुरू, पुढे गेला की बंद. आमच्या भाषेत याला 'लेझी लोडिंग' म्हणतात. जे दिसतंय तेवढंच चालवायचं. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि प्यायला?"

मला नाही सांगता आलं.

इमॅन्युएल कांटने १७९० सालच्या 'क्रिटीक ऑफ जजमेंट'च्या अगदी सुरुवातीला राजवाड्याचंच उदाहरण घेतलं आहे. समोर राजवाडा आहे, तो सुंदर वाटतो का, असं कुणी विचारलं. एखादा म्हणेल, नुसतं आ वासून बघायला केलेल्या वस्तू मला आवडत नाहीत. एखादा त्या इरोक्वा सरदारासारखं म्हणेल की पॅरिसमध्ये मला खाणावळी तेवढ्या आवडल्या. एखादा रूसोच्या थाटात, जनतेचा घाम असल्या फालतू गोष्टींवर उधळणाऱ्या बड्यांना शिव्या घालेल. कांट म्हणतो, सगळं मान्य, पण विचारलं होतं ते हे नव्हे. वस्तू असावी की नसावी, कुणी कशी बांधली, तिचा उपयोग काय, हे बाजूला ठेवून ती नुसती पाहताना आनंद होतो का, एवढंच विचारलं होतं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात, झोप न येणाऱ्या रात्री हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार पटलं होतं. प्रश्न वेगळे करायला शिकवणारा माणूस इंजिनिअरला आवडतोच. एक फंक्शन, एक काम. (कांट कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर फारसा गेलाच नाही, फ्रान्सचा एकही राजवाडा त्याने पाहिला नव्हता, हे नंतर कळलं. त्याने युक्तिवाद कच्चा होत नाही. पण दारात उभं राहिल्यावर पाय जड होतात की नाही, हे त्याला कळायचं कारण नव्हतं.)

पप्पा म्हणजे माझे इरोक्वा सरदार आहेत, असं मी मनात म्हटलं आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

तिकडे रूसोचंही काही अगदी सरळ नाही. आम्ही शनोंसोला गेलो, शेर नदीवर पूल टाकून त्यावर महाल चढवलाय तिथे. अठराव्या शतकात तो दुपँ नावाच्या एका धनाढ्य करवसुली मक्तेदाराचा होता आणि रूसो त्याच्या बायकोचा सेक्रेटरी होता. १७४७ चा शरद ऋतू त्याने तिथे घालवला, आणि उत्तम खाण्यापिण्याने आपण तिथे लठ्ठ झालो हे आत्मचरित्रात स्वतःच नोंदवलं. विषमतेच्या उगमावरचा त्याचा निबंध आला १७५५ साली. याला ढोंग म्हणायचा मोह होतो, पण मला तसं म्हणवत नाही. ज्या ताटात जेवलो त्या ताटाबद्दल बोलायला लागणारी माहिती ताटाशी बसूनच मिळते. प्रश्न इतकाच की जेवताना घास गोड लागला, याचं काय करायचं. गोड लागला होता, हे तो लपवत नाही.

व्हिलाँद्रीला आई हरखली. तिथली भाजीची बाग नऊ चौकोनांची आहे, कोबी आणि बीट रंग बघून लावलेले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. ही बाग प्राचीन वगैरे नाही. १९०६ साली कार्व्हालो नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने वाडा विकत घेतला आणि तिथलं इंग्रजी थाटाचं उद्यान काढून सोळाव्या शतकाच्या धाटणीची ही बाग नव्याने रचली. आईला त्याने काही फरक पडला नाही. "तण बघ कुठं एक तरी," एवढंच ती म्हणाली, आणि कोबीच्या वाफ्यापाशी वाकलेल्या एका माळीणबाईशी हातवारे करून पंधरा मिनिटं बोलली. भाषा कुठली ते विचारू नका.

खरी गोष्ट घडली ती व्हो-ल-व्हिकोंतला.

पॅरिसच्या आग्नेयेला साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर हा वाडा आहे. राजाचा अर्थमंत्री निकोला फुके याने तो बांधला. वास्तुकार ल व्हो, चित्रकार ल ब्रँ, बागेची रचना ल नोत्रची. १७ ऑगस्ट १६६१ रोजी फुकेने राजाला मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटकही त्या रात्री झालं. ५ सप्टेंबरला राजाने त्याला अटक करवली. खटला तीन वर्षं चालला. न्यायाधीशांनी हद्दपारी सुनावली, ती राजाला कमी वाटली म्हणून त्याने जन्मठेप केली, आणि फुके १६८० साली तुरुंगातच मेला. राजाने तेच तिघं कलाकार उचलले आणि व्हर्सायच्या कामाला लावले.

पण बाग! वाड्याच्या पायऱ्यांवरून ती एका नजरेत सगळी दिसते असं वाटतं. चालायला लागलं की ती लांबत जाते. लांबचे हौद जवळच्यांपेक्षा मोठे केलेत, उतार बेमालूम आहेत, आणि शेवटी पायाखाली अचानक जवळपास किलोमीटरभर लांबीचा कालवा उघडतो, जो वाड्यावरून दिसलेलाच नसतो. ल नोत्रने साडेतीनशे वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांना फसवलं आणि मला इतका आनंद झाला की मी भावाला ओढत परत पायऱ्यांपर्यंत नेलं, पुन्हा पहिल्यापासून चालायला.

दमून बसल्यावर मी फोनवर वाचून दाखवत होते. वाचता वाचता आलं ते असं की या बागेसाठी फुकेने तीन गावं विकत घेऊन पाडली. आणि त्या गावांतल्या लोकांना पुढे बागेच्या देखभालीच्या कामावर घेतलं, असं सांगतात.

पप्पा म्हणाले, "म्हणजे दाखल्यावर नोकरी."

आई फिस्सकन हसली. मी नाही हसले.

दाखला म्हणजे प्रकल्पग्रस्ताचा दाखला. पप्पांचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. पैठणला गोदावरीवर १९७६ साली पूर्ण झालेलं हे धरण. मागच्या पाण्याला नाथसागर म्हणतात. नवीन गावाला नाव जुनंच दिलं, पुढे 'नवीन' जोडून. पुढे त्या दाखल्यावर पप्पांना सरकारी नोकरी मिळाली. नोकरीवर माझं शिक्षण झालं, शिक्षणावर मी इथे आले, आणि माझ्या पगारातून ते आता कुणाच्या तरी तीन गावांवर बसून पाण्याची बाटली उघडत होते. छत्रपती संभाजीनगरला आमच्या नळाला येणारं पाणीही त्याच धरणाचं. म्हणजे गावावरून वाहून आलेलं पाणी मी लहानपणापासून पीत आले.

धरणाच्या पायथ्याशी ज्ञानेश्वर उद्यान आहे, म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेलं. संगीत कारंजं तिथलं विशेष. मी सात-आठ वर्षांची असताना आम्ही गेलो होतो. पप्पा आत आलेच नाहीत. फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसून राहिले. एका तिकिटाचे पैसे वाचवले, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आता कांटचं काय करायचं? तो म्हणेल, दोन्ही वेगळं आहे. बाग सुंदर आहे आणि गावं पाडणं वाईट आहे, दोन्ही वाक्यं खरी. आणि आणखी एक नेहमीचा युक्तिवाद असतो, जो मीसुद्धा ऑफिसात केलाय : झालेला खर्च परत येत नाही. माणसं मेली, गावं गेली, तीन शतकं लोटली. आज मी बागेकडे पाठ केली तर कुणाचं घर परत उभं राहणार आहे?

हिशोब म्हणून बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट सुटते असं मला वाटतं. चौदाव्या लुईने व्हर्साय कशासाठी बांधलं? राहायला नव्हे. बघणाऱ्यांसाठी. पुढच्या पिढ्यांनी येऊन थक्क व्हावं, यासाठी. म्हणजे मी तिथे योगायोगाने आलेली तिऱ्हाईत नाही. ज्या गिऱ्हाइकासाठी माल बनवला ते गिऱ्हाईक मीच आहे. माझं 'अहाहा' हा त्या व्यवहाराचा शेवटचा हप्ता आहे, आणि तो मी वेळेवर भरते. सौंदर्य पुढे सगळ्याला माफ करवून घेतं हे बांधणाऱ्याला आधीपासून ठाऊक असेल, तर माझी माफी त्याच्या अंदाजपत्रकात धरलेली होती.

दाद राजाला नाही, कारागिरांना देतो, असंही म्हणता येतं. दगड घडवणाऱ्याला कदाचित ती पोचतही असेल. पण १६७८ साली मादाम द सेव्हिन्ये एका पत्रात लिहिते की व्हर्सायच्या कामावर इतकी माणसं मरत होती की रात्री गाड्या भरभरून प्रेतं नेत. त्या गाडीतल्या माणसाला माझी दाद नको होती. त्याला घरी जायचं होतं.

धरण आणि कारंजं एक नव्हे, हेही मला कळतं. धरणाने शेतं भिजली, शहरं वाढली. उपयोगाचं माप लावलं तर जायकवाडीपुढे व्हर्साय उभंच राहणार नाही. पण किंमत कुणी द्यायची हे उपयोग ठरवत नाही. ते वेगळ्या खोलीत ठरतं. आणि ते ठरून गेल्यावर वर बाग लावली की प्रश्न विचारायला आलेला माणूस कारंजं बघत उभा राहतो.

मला हे सगळं राजाबद्दल बोलायला सोपं जातं. स्वतःबद्दल सांगायचं तर २०१६ च्या उन्हाळ्याचं सांगावं लागेल. दुष्काळात नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. पप्पा मला घेऊन जुन्या गावाला गेले. गाळाला भेगा पडल्या होत्या, मधेच जोत्याचे दगड, अर्धी भिंत, एक उखळ. पप्पा चालत चालत सांगत होते, हा गोठा, इथे चूल, इथे आजी बसायची. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं आणि भेगांच्या सावल्या लांबल्या होत्या. मी फोटो काढला. फार सुंदर आला. इन्स्टाग्रामवर टाकला, खाली 'ड्रॉट लाइट' असं काहीतरी लिहून. आजपर्यंत माझ्या कुठल्याच फोटोला इतके लाइक्स मिळाले नाहीत. पप्पांनीही बघितला होता, भावाच्या फोनवर. ते म्हणाले, "चांगला आलाय." बाकी काही नाही.

फोटो खरोखरच चांगला आहे. अडचण तीच आहे. तो वाईट असता तर मी केव्हाच डिलीट केला असता.

शेवटच्या आठवड्यात मी शीटमध्ये नसलेली एक जागा घातली : मँतनों. शार्त्रला जाणाऱ्या ट्रेनवर लागतं. वाडा आहे राजाने गुपचूप लग्न केलेल्या बाईचा, पण मी पप्पांना नेलं ते बागेच्या टोकाशी. १६८५ साली राजाने व्हर्सायच्या कारंज्यांसाठी अर नदीचं पाणी इतक्या लांबून आणायचं ठरवलं आणि वीस-तीस हजार सैनिक खोदकामाला लावले. दलदलीच्या तापाने हजारो मेले. १६८८ साली युद्ध सुरू झालं, सैन्य तिकडे गेलं, काम थांबलं ते कायमचं. तीन मजली जलसेतू व्हायचा होता. इथे खालच्या मजल्याच्याच कमानी उभ्या राहिल्या. नंतर त्यांचे दगडही लोकांनी काढून नेले. आता वेली चढल्यात, वरून झाडं उगवलीत, आणि खाली पाण्यात सगळं उलटं दिसतं. त्या तीन आठवड्यांत पाहिलेल्या सगळ्यांत सुंदर दृश्य हे होतं. मी ते बोलले नाही.

पप्पा एका बाकावर बसले. तासभर तरी बसले असतील. आई आणि भाऊ वाडा बघून आले, डबा उघडला, पोळीभाजी झाली, तरी त्यांची नजर कमानींवरच. मी जे काही वाचलं होतं ते सांगितलं. किती सैनिक, किती वर्षं, कसं बंद पडलं.

"म्हणजे पाणी आलंच नाही?"

"नाही."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "यांचं पाणी आलं नाही. आपलं आलं."

हे त्यांनी कशा अर्थाने म्हटलं, मला अजून सांगता येत नाही. आवाजात अभिमान होता असंही वाटलं, आणि नव्हता असंही. विचारावं असं फार वाटलं, पण आमच्याकडे असं विचारत नाहीत.

फोन माझ्या खिशातच होता. मी मुद्दामच काढला नव्हता. पप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे.

"फोटो काढ की," ते म्हणाले. "ऊन चाललंय."