चुकीची किंमत

दिवाळीच्या सुट्टीत मुले पडद्यावरच्या मोटारींच्या खेळात रंगून गेली की घरातील वडील मंडळींचा एक आक्षेप हटकून ऐकू येतो. ‘गाडी आपटली तरी पुन्हा सुरू, उलटली तरी पुन्हा सुरू! अशाने पोरांना चुकीचे भय वाटायचे कसे?’ हा आक्षेप वाटतो तितका उथळ नाही. चुकीला काही किंमतच नसेल तर मनुष्य सावध कशासाठी राहील? परंतु त्याचे उत्तर शोधताना एका जुन्या जपानी खेळाने मला निराळ्याच विचारात पाडले.

‘आउट रन’ हे त्या खेळाचे नाव. सेगा कंपनीने तो १९८६ साली काढला. कल्पना यू सुझुकी यांची. प्रथम तो नाणे टाकून खेळावयाच्या मोठ्या यंत्रावर आला. मग घरच्या टीव्हीला जोडावयाच्या यंत्रांवर, १९८७ साली मास्टर सिस्टिमवर आणि १९९१ साली मेगा ड्राइव्हवर. लाल रंगाची, टप नसलेली मोटार आणि शेजारी एक मैत्रीण. निवडायला दुसरी गाडी नाही. गंमत अशी की आरंभी हा खेळ एवढेच विचारतो, वाटेत ऐकणार काय? रेडिओ फिरवायचा आणि तीन धुनांतून एक पसंत करायची. या धुना हिरोशी कावागुची यांनी रचल्या. ‘मॅजिकल साउंड शॉवर’ नाचरी आहे, ‘पासिंग ब्रीझ’ निवांत आहे आणि ‘स्प्लॅश वेव्ह’ जोरकस. मग समुद्रकाठाने प्रवास सुरू होतो. दर टप्प्याअखेर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एका फेरीत टप्पे पाचच, पण फाट्यांमुळे एकंदर प्रदेश पंधरा आणि शेवट पाच. वाटेत इतर गाड्या भेटतात, पण त्या प्रतिस्पर्धी नव्हेत. चढाओढ केवळ घड्याळाशी.

आता या खेळात गाडी आपटते तेव्हा काय होते ते पाहा. ती कोलांट्या खाते, माणसे बाहेर फेकली जातात आणि क्षणभराने पुन्हा गाडीत बसून निघतात. पुष्कळ खेळांत तीन-चार ‘जीव’ मोजून दिलेले असतात व एकेका चुकीपायी एकेक जीव जातो. येथे तो हिशेब नाही. हवे तितक्या वेळा पडा. मात्र घड्याळ थांबत नाही. पडण्याउठण्यात गेलेले क्षण कोणी परत करीत नाही, आणि तेवढ्याच क्षणांनी पुढचा टप्पा हुकतो. म्हणजे चूक फुकट जात नाही. तिची किंमत पुरेपूर वसूल होते. पण घड्याळाप्रमाणे आणखी एक गोष्ट थांबत नाही, ती म्हणजे संगीत. गाडी उलटली म्हणून धून तुटत नाही, बेसूर होत नाही, की हसत नाही. गाणाऱ्याचा सूर घसरला तरी मागचा तंबोरा जसा आपला षड्ज धरून राहतो आणि त्याच्याच आधाराने गवई पुन्हा जागेवर येतो, तसेच हे आहे.

येथे मला दोन गोष्टींतला भेद प्रथम स्वच्छ दिसला. चुकीची किंमत ही एक वस्तू आणि चुकणाऱ्याचा अपमान ही दुसरी. पहिली चुकीच्या पोटातूनच जन्मते. दुसरी आपण पदरची घालतो. मी शाळामास्तर आहे; निकालाच्या दिवशी हा भेद डोळ्यांसमोर उभा राहतो. दहावीला गणितात राहिलेल्या मुलाला पुन्हा पुस्तक उघडावे लागते, मित्र पुढे जातात, सुट्टी हातची जाते. ही झाली किंमत, आणि ती कमी करता येते. आपल्या मंडळाने २०१५ पासून जुलैत पुरवणी परीक्षा ठेवून पुष्कळांचे वर्ष वाचवले. पण त्याच संध्याकाळी शेजारच्या मुलाचे पेढे ताटलीत ठेवून, ‘बघ, त्याला किती पडले!’ असे जे म्हटले जाते, ते कोणत्या मंडळाने ठरवले? त्या वाक्याने गणित सुधारत नाही. मुलगा सावध होत नाही, लपवायला शिकतो. चुकीच्या भयापोटी आपण त्याला बहुधा हेच शिकवतो.

तथापि हा न्याय सरसकट लावता येणार नाही. आमच्या विदर्भातली जुनी शर्यत म्हणजे शंकरपट. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विख्यात आहे. तेथेही सेकंदांना मोल असते. पण हाकणाऱ्याचा हिशेब चुकला तर पराणी स्वतःच्या पाठीत कोण टोचून घेतो? ती बैलाच्या पाठीत जाते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ साली कायदा बदलला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल मान्य केला, तोही जनावरांच्या यातना टाळण्याची बंधने जमेस धरून. नागपुरातून मुंबईकडे निघणाऱ्या समृद्धी महामार्गावरही तेच. तेथे एका चालकाची डुलकी मागे झोपलेली मुलेबाळे भोगतात. जेथे चूक आपली आणि किंमत दुसऱ्याची, तेथे मनुष्याला लाज वाटलीच पाहिजे. तेथे ‘पुन्हा सुरू’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून वडील मंडळींना माझे सांगणे एवढेच, की पोरांना चुकीचे भय शिकवण्याऐवजी एक प्रश्न शिकवावा, ‘याची किंमत कोण भरणार?’ उत्तर ‘मी’ असे आले तर भरू द्यावी आणि आपण तंबोऱ्यासारखे मागे राहावे. उत्तर ‘दुसरा’ असे आले तर मात्र तेथेच हात धरावा. आपण नेमके उलट करतो. मुलाचे गुण घसरले की घर डोक्यावर घेतो, आणि त्याने भरधाव गाडी हाकली की कौतुकाने हसतो.

‘आउट रन’मध्ये खेळ संपल्यावर, गुण बऱ्यापैकी जमले असतील तर, नाव लिहावयास सांगतात. तेव्हा ‘लास्ट वेव्ह’ नावाची चौथी धून लागते आणि तिच्यात समुद्राच्या लाटा ऐकू येतात. शेवटापर्यंत पोचलेल्याला आणि वाटेतच वेळ संपलेल्याला धून एकच. यंदा सुट्टीत मुलाने तो खेळ लावला तर त्याच्याजवळ थोडे बसावे, आणि गाडी उलटली तर काही बोलू नये.